एनएमएसला चालू डिव्हाइसचा पासवर्ड देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत अशा तीन ठिकाणी फाउंड्री आणि मशिन शॉप, मुख्य ऑफिस शाहूपुरीत. मिळून सव्वाशेच्या आसपास डिव्हाइस: बहुतेक सिस्कोचे स्विच, ठिकाणं जोडायला मायक्रोटिकचे राउटर आणि रेडिओ लिंक, शिवाय काही फार जुने स्विच. नवीन नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे एनएमएस, घेतलंय. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणतो, सगळ्यांचा इनेबल पासवर्ड (डिव्हाइसवर सगळं बदलायची मुभा देणारा) द्या, एसएनएमपी (डिव्हाइसची माहिती विचारायची भाषा) व्हर्जन दोन चालू करा, कम्युनिटी (तिचा पासवर्ड) सगळीकडे एकच ठेवा, मी डिस्कव्हरी (नेटवर्कवरची डिव्हाइस आपोआप शोधणं) लावतो. प्लँट हेड म्हणतात, भट्टी चालू असताना नेटवर्कला हात लावायचा नाही. तुम्ही दोघांच्या मध्ये अडकलाय.

आधी प्लँट हेडांचं ऐका. त्यांची भीती खरी आहे. पण म्हणून सॉफ्टवेअरच नको असं होत नाही. सव्वाशे डिव्हाइस फोनवर येणाऱ्या तक्रारींच्या भरवशावर सांभाळणं फार काळ जमत नाही. सॉफ्टवेअरला आत किती येऊ द्यायचं, एवढाच मुद्दा आहे. आणि ही मर्यादा सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर टिक करून ठरत नाही, ती प्रत्येक डिव्हाइसवर ठरवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त वाचन’ निवडलं आणि हातात मात्र पूर्ण ताकदीचा पासवर्ड दिला, तर ‘फक्त वाचन’ हा त्या सॉफ्टवेअरचा चांगुलपणा झाला. उद्या त्या सर्व्हरमध्ये कुणी घुसलं की चांगुलपणा जातो, पासवर्ड मात्र तिथेच असतो.

असं घडलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं, की सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता. तो अपडेट हजारो ग्राहकांकडे गेला, कंपनीचा स्वतःचा आकडा १८,००० पर्यंतचा होता. ज्यांनी तो बसवला ते निष्काळजी नव्हते. अपडेट वेळेवर करा हे आपणच सगळ्यांना सांगतो. अशा वेळी तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट असते: त्या सर्व्हरकडे असलेल्या खात्याला डिव्हाइसवर काय करायची मुभा होती.

आता कामाला लागू. सुरुवात डिस्कव्हरीपासून, कारण पहिल्याच दिवशी सगळ्यात जास्त नुकसान तिथे होऊ शकतं. इंजिनिअर सगळी रेंज टाकून स्कॅन लावतो आणि चहाला जातो. ऑफिसच्या स्विचना त्याचं काही वाटत नाही. पण फाउंड्रीच्या नेटवर्कवर पीएलसी (मशिन चालवणारे कंट्रोलर) असतात, भट्टीचे पॅनल असतात, सीएनसी मशिनचे जुने कंट्रोलर असतात. अनपेक्षित पॅकेट आले तर नीट वागायचं असतं, हे त्यांच्या नेटवर्क कोडला शिकवलेलंच नसतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या ८००-८२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत एक घटना दिली आहे: चालू स्काडा (यंत्रांवर देखरेख आणि नियंत्रण ठेवणाऱ्या) नेटवर्कवर पिंग स्वीप (एकेका आयपीला ‘आहेस का?’ विचारत जाणं) सुरू असताना नऊ फुटी रोबोटिक हातांपैकी एक, जो स्टँडबायमध्ये होता, अचानक १८० अंशांत फिरला. नुसत्या पिंगने. तुमच्याकडे पोअरिंगच्या जागी माणसं उभी असतात. तेव्हा ऑटो डिस्कव्हरी बंद ठेवा. डिव्हाइसची यादी तुमच्याकडे आहेच, ती फाइलने भरा. मशिनचे सबनेट (आयपींचे गट) सॉफ्टवेअरच्या वगळायच्या यादीत टाका आणि शिवाय फायरवॉलवरही एनएमएसच्या आयपीकडून त्या सबनेटकडे जाणारी वाट बंद करा. यादीतली नोंद एखाद्या अपग्रेडमध्ये पुसली जाऊ शकते, फायरवॉलचा नियम सॉफ्टवेअरच्या हातात नसतो.

एसएनएमपीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचं नव्वद टक्के काम त्यावरच चालेल आणि गैरसमजही तिथेच जास्त आहेत.

व्हर्जन दोनमधली कम्युनिटी म्हणजे पासवर्डच, पण तारेवरून उघडा जाणारा. यूडीपी पोर्ट १६१ वरचा एक पॅकेट पकडला की वाचता येतो. तीन ठिकाणं रेडिओने जोडलेली आणि कम्युनिटी सगळीकडे एकच, म्हणजे कुठल्याही एका ठिकाणी कान लावणाऱ्याला तिन्ही ठिकाणं मिळाली. लिहायची परवानगी असलेली कम्युनिटी तर कुठल्याही स्विचवर ठेवूच नका. सिस्कोमध्ये कॉन्फिग कॉपी करण्याचा एक एमआयबी (एसएनएमपीने वाचता-बदलता येणाऱ्या गोष्टींची यादी) आहे. त्यातून एसएनएमपीने हुकूम देऊन अख्खं कॉन्फिगरेशन टीएफटीपीवर (फाइल पाठवायच्या साध्या सर्व्हरवर) पाठवता येतं, आणि बाहेरून आणून घालताही येतं. म्हणजे लिहिणारी कम्युनिटी आणि इनेबल पासवर्ड यांत व्यवहारात काही फरक नाही.

‘मग वाचणारी कम्युनिटी असली तर बिघडतं काय?’ हे मला नेहमी विचारलं जातं. जून २०१७ मध्ये सिस्कोने आयओएसच्या (आपल्या डिव्हाइसवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) एसएनएमपी भागातल्या त्रुटी जाहीर केल्या. व्हर्जन दोनवर त्यांचा फायदा घ्यायला फक्त वाचणारी कम्युनिटी माहीत असणं पुरेसं होतं. तेवढ्यावर डिव्हाइस रीलोड करता येत होतं किंवा त्यावर आपला कोड चालवता येत होता. म्हणून वाचणाऱ्या वाटेवरसुद्धा एसीएल (कुणाला येऊ द्यायचं याची यादी) हवीच: फक्त एनएमएसचा आयपी, बाकी कुणी नाही. जे जुने स्विच व्हर्जन तीन बोलतच नाहीत, त्यांना व्हर्जन दोनवर ठेवावं लागेल. त्यांची कम्युनिटी वेगळी ठेवा, एसीएल लावा, आणि पुढच्या बजेटमध्ये त्यांची नावं लिहून द्या.

बाकी सगळीकडे व्हर्जन तीन, आणि त्यातही ओळख पटवणं आणि मजकूर झाकणं दोन्ही चालू असलेली पातळी. एमडी५ आणि डीईएस यादीत दिसतील, निवडू नका. एसएचए आणि एईएस घ्या. पासफ्रेज लांब ठेवा. नियमाने किमान आठ अक्षरं लागतात, पण पकडलेल्या पॅकेटवर घरी बसून अंदाज लावत बसता येतं, म्हणून आठ पुरत नाहीत. वीसच्या पुढे जा.

व्हर्जन तीनमध्ये एक खाच आहे, ती आत्ताच समजून घ्या. युजरचा पासवर्ड डिव्हाइसवर जसाच्या तसा राहत नाही. तो त्या डिव्हाइसच्या इंजिन आयडीबरोबर मिसळून त्याची किल्ली बनते. यात फायदा मोठा आहे: एका स्विचमधून किल्ली चोरली तरी ती दुसऱ्या स्विचवर चालत नाही. पण सिस्कोच्या आयओएसमध्ये हा युजर रनिंग कॉन्फिगमध्ये दिसतच नाही. आता रात्रीच्या पाळीत गोकुळ शिरगावचा एक स्विच जळाला असं धरा. तुम्ही स्पेअर काढला, बॅकअपमधलं कॉन्फिग जसंच्या तसं चढवलं, पोर्ट लागले, मशिन चालू झाली, सुपरवायझर खूश. एनएमएसवर मात्र तो स्विच लालच. पिंग जातोय, एसीएल बरोबर आहे, ग्रुप आणि व्ह्यू बरोबर आहेत. मग लोक एनएमएसच रीस्टार्ट करायला लागतात. झालेलं एवढंच असतं, की युजर बॅकअपमध्ये कधी आलाच नव्हता, आणि आला असता तरी नव्या स्विचचा इंजिन आयडी वेगळा असल्याने जुनी किल्ली चालली नसती. स्विच बदलण्याच्या तुमच्या कागदावर ‘एसएनएमपी युजर हाताने पुन्हा बनवणे’ ही ओळ आजच घाला.

आणखी एक वापरात नसलेलं हत्यार म्हणजे व्ह्यू. एनएमएसला एमआयबीचं अख्खं झाड दाखवायची गरज नसते. इंटरफेस, सीपीयू, मेमरी, तापमान, पॉवर सप्लाय एवढं दाखवा. राउटिंग टेबल वगळा. हे सुरक्षेसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त सीपीयूसाठी आहे. मोठं राउटिंग किंवा एआरपी टेबल एसएनएमपीने ओळीओळीने मागायला लागलं, की लहान राउटरचा सीपीयू चढतो. सिस्कोवर प्रोसेसची यादी काढली तर ‘एसएनएमपी इंजिन’ सगळ्यात वर बसलेलं दिसतं, आणि ग्राफमध्ये दर पाच मिनिटांनी एक सुळका. ते सुळके पाहून लोक रहदारी शोधत बसतात, कारण मात्र पाहणाऱ्यातच असतं. व्ह्यूमधून ते टेबल काढा, सुळका जातो.

पोलिंग, म्हणजे डिव्हाइसला पुन्हा पुन्हा माहिती विचारणं, किती वेळाने? पाच मिनिटं, आणि सुरुवातीला त्याहून जवळ येऊ नका. पण ट्रॅफिकसाठी ६४ बिटचे काउंटर वापरले जातायत ना, हे नक्की बघा. ३२ बिटचा बाइट काउंटर पूर्ण भरलेल्या १०० एमबीपीएस लिंकवर पावणेसहा मिनिटांच्या आसपास पुन्हा शून्यावर येतो, आणि १ जीबीपीएस लिंकवर अवघ्या ३४ सेकंदांत. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये तो आठ-नऊ वेळा फिरून आलेला असेल आणि सॉफ्टवेअरला कळणारही नाही. तुमची शाहूपुरीची मुख्य लिंक ग्राफमध्ये कायम निवांत दिसेल आणि लोक मात्र ईआरपी हळू चालतंय म्हणून ओरडत राहतील. ६४ बिटचे काउंटर व्हर्जन एकमध्ये मिळत नाहीत, म्हणून एखादं डिव्हाइस चुकून व्हर्जन एकवर जोडलं गेलं असेल तर तेही तपासा.

टाइमआउटच्या आकड्यांना उगाच हात लावू नका. एक सेकंद थांबणं आणि पाच वेळा पुन्हा विचारणं असं असेल, तर बंद पडलेलं डिव्हाइस सहा सेकंदांत कळतं. रेडिओ लिंक कधी कधी उशिरा उत्तर देते म्हणून कुणी तो सेकंद दहावर नेला, तर प्रत्येक मेलेल्या डिव्हाइसवर एक एक मिनिट जातो. कागलची लिंक तुटली की तिथली सगळी डिव्हाइस मिळून पोलिंगची रांग तुंबवतात आणि शिरोलीचे ग्राफही फाटतात. टाइमआउट वाढवायचा असेल तर फक्त रेडिओपलीकडच्या डिव्हाइसना थोडासा, दोन-तीन सेकंदांपर्यंत. शिवाय सॉफ्टवेअरला सांगा की कागलचं सगळं त्या एका राउटरच्या मागे आहे, म्हणजे लिंक गेल्यावर एकच अलार्म येईल.

आता एसएसएच, म्हणजे डिव्हाइसवर दुरून लॉगिन करायची वाट. कॉन्फिगचा बॅकअप घ्यायला एनएमएसला लॉगिन लागतंच. इथे इंजिनिअरला इनेबल पासवर्ड देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, कारण सिस्कोवर कमी पातळीच्या युजरला रनिंग कॉन्फिग पूर्ण दिसत नाही. त्याला ज्या ओळी बदलायची परवानगी आहे तेवढ्याच दिसतात. यावर स्वच्छ उपाय टॅकॅक्स प्लस, म्हणजे लॉगिन आणि कमांड एका जागी तपासणारी पद्धत. एक लहान लिनक्स सर्व्हर पुरतो. एनएमएसच्या खात्याला पातळी पंधरा द्या, पण प्रत्येक कमांड सर्व्हरकडून तपासून घ्या: ‘शो’ने सुरू होणाऱ्या चालतील, टर्मिनलची लांबी शून्य करणारी चालेल, बाकी सगळ्या नाकारल्या जातील. रेडियस या लॉगिन तपासायच्या दुसऱ्या पद्धतीने हे जमत नाही, त्यात कमांडनिहाय परवानगीची सोय नाही. टॅकॅक्सच्या मागे लोकल खातं ठेवा, पण ते माणसांसाठी. त्याचा पासवर्ड एनएमएसमध्ये भरू नका.

मायक्रोटिकवर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. तिथे ‘रीड’ नावाचा ग्रुप तयारच मिळतो आणि सगळे नावावर विश्वास ठेवून एनएमएसचा युजर त्यात टाकतात. त्या ग्रुपच्या परवानग्या उघडून वाचा: त्यात रीबूट आहे, आणि सेन्सिटिव्हही आहे, म्हणजे साठवलेले पासवर्ड दिसतात. वाचणाऱ्या युजरला तुमचा कागलचा राउटर बंद-चालू करता येतो! स्वतःचा ग्रुप बनवा, त्यात एसएसएच आणि रीड एवढंच ठेवा, लागलं तर एपीआय. युजरच्या पानावर कुठून लॉगिन करता येईल तो आयपी लिहायची जागा असते, तिथे फक्त एनएमएस. विनबॉक्सचं (मायक्रोटिक सांभाळायच्या टूलचं) ८२९१ पोर्ट इंटरनेटच्या बाजूने उघडं असेल तर हे वाचायचं थांबवून आधी ते बंद करा. २०१८ मधल्या विनबॉक्सच्या त्रुटीतून लॉगिन न करताच युजर आणि पासवर्डची फाइल वाचता येत होती, आणि पॅच न केलेले राउटर अजूनही शोधले जातात.

एसएसएचच्या बारीक अडचणी पटकन सांगतो. जुने स्विच नव्या सर्व्हरशी बोलायला नकार देतील, कारण ओपनएसएसएचने २०१५ पासून जुनी की एक्स्चेंज पद्धत आणि २०२१ पासून जुन्या धाटणीच्या आरएसए सह्या आपोआप स्वीकारणं बंद केलंय. त्यासाठी सगळ्या सर्व्हरवर जुन्या पद्धती पुन्हा चालू करू नका; त्या मोजक्या आयपींपुरता अपवाद लिहा. बॅनरमध्ये शोभेसाठी हॅश चिन्हांची चौकट असेल तर काढा. बरीच टूल्स हॅश दिसला की प्रॉम्प्ट आला असं समजतात आणि बॅकअप अर्धवट राहतो. सिस्कोवर व्हीटीवाय लाइन (दुरून लॉगिन करायच्या जागा) अनेकदा पाचच असतात. एनएमएसने सेशन अडकवून त्या भरल्या की तुम्हालाच आत जाता येत नाही. सेशनचा वेळ कधीही अमर्याद ठेवू नका, आणि शेवटची लाइन वेगळ्या एसीएलने फक्त तुमच्या लॅपटॉपसाठी राखा. मॅनेजमेंट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबल असलेल्या कप्प्यात) असेल तर त्या लाइनच्या एसीएलला व्हीआरएफमधूनही परवानगी द्यायची जोड लागते. ती राहिली तर सगळं बरोबर असूनही कनेक्शन नाकारलं जातं.

आणि लिहायचा अधिकार? इंजिनिअर दाखवेल की एका क्लिकवर सव्वाशे डिव्हाइसवर व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) टाकता येतो. पहिले सहा महिने ती सोय वापरूच नका. नंतर हवी असेल तर त्यासाठी दुसरं खातं बनवा, जे टॅकॅक्सवर एरवी बंद असेल आणि ठरलेल्या वेळेपुरतंच तुम्ही चालू कराल. बदल आधी शाहूपुरीच्या एका स्विचवर, मग एका ठिकाणी, मग सगळीकडे. आणि उलट फिरण्याची सोय असल्याशिवाय एकही बदल करायचा नाही. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे. दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही तर जुनं कॉन्फिग परत येतं. नेटकॉन्फ या कॉन्फिग बदलायच्या प्रोटोकॉलमध्येही तीच सोय आहे, मूळ मुदत ६०० सेकंद. सिस्कोवर आर्काइव्ह चालू असेल तर वेळ लावून उलट फिरवता येतं, नाहीतर बदल सेव्ह न करता दहा मिनिटांनी रीलोड लावून ठेवायचा आणि सगळं ठीक दिसलं की रद्द करायचा. मात्र फाउंड्रीच्या स्विचवर असा रीलोड पाळी चालू असताना लावू नका. मायक्रोटिकवर सेफ मोड आहे, सेशन तुटलं की बदल मागे जातात.

आपल्याकडे याला जास्तच महत्त्व आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. त्या दिवसांत शाहूपुरीतून शिरोलीच्या राउटरवर चुकीची ओळ गेली असती, तर कन्सोल केबल घेऊन पोचायला वाट नव्हती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दूरच्या राउटरचे बदल मी शक्यतो काढतच नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे सरकत असेल, तर त्या आठवड्यात अजिबातच नाही. जमलं तर प्रत्येक ठिकाणी मोबाइल डेटावर चालणारा एक लहान राउटर कन्सोलला जोडून ठेवा, मुख्य लिंकशी संबंध नसलेला. खर्च किरकोळ आहे.

लॉगचं थोडक्यात: टॅकॅक्सचे आणि डिव्हाइसचे लॉग एनएमएसच्या सर्व्हरवरच ठेवू नका, वेगळ्या मशिनवर पाठवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळती हवीत. एनएमएसच्या खात्यासाठी एक अलार्म नक्की लावा: त्या खात्याची एखादी कमांड नाकारली गेली की तुम्हाला मेसेज. नेहमीच्या कामात ते खातं नाकारलं जायचं कारणच नाही, त्यामुळे तो मेसेज आला तर जेवण टाकून बघण्यासारखा असतो.

सगळं लावून झालं की इंजिनिअरच्या कामावर सही करण्याआधी स्वतः बसून तपासा. एनएमएसच्या सर्व्हरवरून, त्याच्याच खात्याने, एका स्विचवर जा आणि कॉन्फिगर मोडमध्ये शिरायचा प्रयत्न करा. नकार आला पाहिजे. रीलोड टाइप करून बघू नका, कॉन्फिगर मोडचा नकार पुरेसा पुरावा आहे. मग एनएमएसच्याच एसएनएमपी युजर-पासवर्डने तुमच्या लॅपटॉपवरून विचारा. उत्तर येता कामा नये. मायक्रोटिकवर दोन्ही तसंच. मग एनएमएसच्या सर्व्हरवरून भट्टीच्या पॅनलचा एक आयपी पिंग करा, आणि हा पिंग साप्ताहिक सुट्टीला, मशिन बंद असताना, प्लँट हेडांना शेजारी बसवून करा. फायरवॉलने तो अडवलेला त्यांनी स्वतः पाहिला, की पुढच्या परवानग्या मागायला तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.